पुढची खोली

बसल्यावर जरा वेळानं डेस्मंड इलिंगवर्थला डाव्या मांडीखाली काहीतरी टोचलं, आणि आपण इथं बसायला नको होतं हे त्याला कळलं. हात घालून त्यानं चाचपलं. वाळलेलं काटेरी बोंड होतं. लोकांना बघायला खुल्या ठेवलेल्या हॅलिवेलांच्या जुन्या घरात, दिवाणखान्यातल्या प्रत्येक खुर्चीच्या बैठकीवर असं एकेक बोंड ठेवलेलं होतं, आणि आत येताना त्यानं ते पाहिलंही होतं. 'बसू नये' अशी पाटी लावणं हे घर सांभाळणाऱ्या मंडळाला उद्धटपणाचं वाटत असणार. त्यापेक्षा पाहुण्याच्या बुडाला परस्पर काट्यानं कळवलेलं बरं. नेमकं या एका खुर्चीवरचं बोंड घरंगळून फटीत गेलं होतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या, कंबर धरलेल्या माणसाला फायरप्लेसजवळ रिकामी खुर्ची दिसली की तो तिच्या फटी तपासत बसत नाही. आता उठायला हवं होतं. पण दाराशी खोलीवर लक्ष ठेवणारी बाई उभी होती, तिच्या छातीवर 'मिसेस पेनरोझ' अशी पट्टी होती, आणि तिनं त्याला पाहिलेलं होतं. चटकन उठलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. थोड्या वेळानं, आपल्या मर्जीनं उठल्यासारखं उठू, असं ठरवून डेस्मंडनं पाय लांब केले.

मिसेस पेनरोझ जवळ आल्या. आज हवा जरा गारठलीय, असं त्या म्हणाल्या. डेस्मंडनं मान्य केलं. मग त्या म्हणाल्या की या खुर्च्या दिसतात दणकट, पण तशा नाजूकच. डेस्मंडनं तेही मान्य केलं. मिसेस पेनरोझनी हात एकमेकांत गुंतवले, सोडवले, आणि त्या पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. इतकं स्पष्ट बोलून झाल्यावर बिचाऱ्या आणखी काय बोलणार? डेस्मंडला त्यांची कीव आली. तो स्वतः लीड्सच्या बसगाड्यांवर तपासनीस होता, आणि नको तिथं बसलेल्या माणसांना उठवण्यात त्याची उमर गेली होती. तिकीट नसलेल्यांना, वरच्या मजल्यावर पाय पसरून झोपलेल्यांना, एकदा तर बकरी घेऊन बसलेल्या एका इसमाला त्यानं उठवलं होतं. खांद्याशी वाकायचं, हळू बोलायचं, आणि माणसाला वाटू द्यायचं की उठायची कल्पना त्याचीच होती. हे कसब एवढं अंगवळणी पडलेला माणूस स्वतः बसून राहिला आणि उठवणारीलाच ते जमेना, यात काहीतरी सूक्ष्म अन्याय होता, पण कुणावर, ते त्याला नक्की ठरवता येईना.

वरच्या मजल्यावर पावलं वाजत होती. त्याची लेक हिलरी, तिचा नवरा निगेल आणि त्यांची नऊ वर्षांची मेबल मुलांची खोली बघायला वर गेले होते. जिना अरुंद होता, तेव्हा डेस्मंड खाली राहतो म्हणाला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. इलिंगवर्थ मंडळींत कुणाला काही महत्त्वाचं विचारायचं वा सांगायचं असलं की त्याला आधी कुठंतरी फिरायला नेत. निगेलनं हिलरीला लग्नाचं विचारलं ते एका पाणचक्कीत. डोरीनच्या, म्हणजे डेस्मंडच्या बायकोच्या, हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, ते हिलरीनं त्याला सांगितलं एका पडक्या मठाच्या आवारात, हॅमचं सँडविच खाता खाता. त्यामुळे 'रविवारी आपण हॅलिवेलांचं घर बघायला जाऊ या का?' असा हिलरीचा फोन आला, तेव्हाच आज आपल्याला विचारणार हे डेस्मंडला कळलं होतं. प्रश्न सगळ्यांना पाठ होता. हिलरीच्या मागच्या बागेत त्याच्यासाठी एक खोली बांधायची. त्यानं आपलं घर सोडायचं आणि तिथं यायचं. पायाचे खड्डे खणायला माणसं सोमवारी येणार होती. येताना वाटेत निगेल म्हणाला की सोमवारी पाऊस नाही म्हणतात. त्यावर सगळ्यांनी आपापल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. वर्षभर हे असंच चाललं होतं. खोलीला खिडक्या किती, इथपर्यंत बोलणं झालं होतं. येणार का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. सांगायला काही नव्हतं असं नाही. त्याला तिकडं जायची भीती वाटत होती. नुसती नाही म्हणायची भीती असती तर सोपं होतं. पण एकट्यानं आपल्या घरात पुढचा हिवाळा काढायचीही भीती वाटत होती, आणि दोन भीतींमध्ये माणूस फार शांत दिसतो.

खोली चांगली होती. गोल टेबलावर झालरीचं जड कापड, त्यावर उघडं वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर चष्मा. काचेच्या घुमटाखाली पेंढा भरलेले लहान लहान पक्षी, मेणबत्त्यांचे हात असलेला पियानो, पितळी कुंडीत एक गंभीर पानांचं झाड. फायरप्लेसमध्ये लाल कागदाआड दिवा लावून विस्तव केलेला. शेवटच्या मिस हॅलिवेलनं मरेपर्यंत यातलं काही हलवलं नाही, असं मिसेस पेनरोझ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, आणि रोज संध्याकाळी सगळं कुटुंब इथं जमायचं, वडील मोठ्यानं वाचायचे, हेही सांगत होत्या. असेल. वडील वाचत असतील. पण डेस्मंडच्या नाकात एक वास शिरला होता, मेणाच्या पॉलिशचा आणि त्याखालच्या थंडीचा, आणि हा वास न वापरलेल्या खोलीचा आहे हे नाक सांगत होतं, डोकं नव्हे. हन्सलेटमध्ये त्याच्या आजीच्या घरी खाली दोनच खोल्या होत्या. मागच्या खोलीत आजी, आजोबा, दोन मामा, एक लग्न न झालेली मावशी, ओले कपडे, मांजर आणि चूल हे सगळं एकमेकांच्या अंगावर राहायचं. आणि पुढच्या खोलीत कुणीही राहायचं नाही. पुढच्या खोलीत सोफा होता, पियानो होता, जो वाजवता येणारा माणूस त्या घरात कधी जन्मला नव्हता, आणि नेमकं असंच एक पितळी कुंडीतलं झाड होतं, ज्याची पानं आजी दर शनिवारी दुधाच्या बोळ्यानं पुसायची. पाद्री आला तर पुढच्या खोलीत. डॉक्टर आला तर पुढच्या खोलीत. घरचं माणूस मात्र पुढच्या खोलीत एकाच कारणानं जायचं. आजोबा गेले तेव्हा त्यांना तिथं ठेवलं. आयुष्यभर त्या दाराला हात लावला तर ओरडा खाणारा माणूस त्या दिवशी मधोमध, दोन घडवंच्यांवर, नव्या कॉलरमध्ये, खोलीचा मालक झाल्यासारखा पडून होता. लहानग्या डेस्मंडला सोफ्यावर बसवलं. सोफा घोड्याच्या केसांचा. आखूड चड्डीतल्या पायांना मागून टोचत होता. खाजवायचं नाही, हलायचं नाही. पडदे ओढलेले. बाहेर कोळशाची गाडी गेली तशी पियानोतली एक तार आपोआप हुंकारली, आणि मावशी दचकून आजोबांकडं बघू लागली. मरण म्हणजे पुढच्या खोलीत बसायला मिळणं, अशी त्याची तेव्हा समजूत झाली, आणि पुढं तिच्यात फेरफार करावा असं काही त्याला आढळलं नाही.

डोरीन आजीच्या या खोलीवर पोट धरून हसायची. आणि मग दोघांनी स्वतःचं घर घेतलं, त्यालाही पुढं एक खोली होती, आणि हसता हसता डोरीननं तिचं दार लावून घेतलं. तिथं काचेच्या कपाटात लग्नात आलेला चहाचा सेट होता, गुलाबी गुलाबांचा, सोनेरी काठांचा. तो चांगल्या प्रसंगासाठी होता. हिलरीच्या बारशाला तो काढायचं ठरलं, पण फार माणसं आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा डोरीन म्हणाली, याहून चांगला प्रसंग येईल की. हिलरीच्या लग्नात तर निगेलकडची पोरं इकडून तिकडं पळत होती. शेवटी तो निघाला गेल्या फेब्रुवारीत, डोरीनला पोचवून आल्यावर. हिलरीनंच काढला. ब्रॅडफर्डकडचे नातेवाईक गुलाबी गुलाबांतून चहा प्याले, सगळे फार जपून प्याले, आणि एकही कप फुटला नाही. एक तरी फुटायला हवा होता असं डेस्मंडला वाटलं. कपाटात परत ठेवताना काठाचं सोनं नव्यासारखं चकचकत होतं, आणि त्याला एकदम इतका राग आला की त्यानं कपाटाचं दार अतिशय हळू लावलं.

तेव्हापासून सगळे त्याच्याशी चांगले वागायला लागले. हेच ते. हे कुणाला सांगायचं तरी कसं? आधी हिलरी घरात शिरतानाच ओरडायची, बाबा, चहा टाक, मी मेलेय. आता ती विचारायची, बाबा, तुला चहा चालेल का? आणि शनिवारी तो तिच्याकडं राहायला गेला की पलंगावर टॉवेल घडी करून ठेवलेले असत, मोठ्यावर मधला, मधल्यावर छोटा, आणि छोट्यावर शिंपल्याच्या आकाराचा साबण, जो हात धुवायला घ्यायची कुणाची छाती झाली नसती. निगेल त्याला बघून टीव्ही बारीक करायचा. मेबल सोफ्यावर उलटी लोळत असली तर तिला डोळ्यांनी सुलटी करायचे. एकदा रात्री पाणी प्यायला तो खाली आला, तेव्हा स्वयंपाकघरात तिघं कशावर तरी खिदळत होती. तो दारात दिसताच तिघंही थांबली, आणि निगेल उठून उभा राहिला. उठून उभा राहिला! आपल्याच लेकीच्या स्वयंपाकघरात आपण आलो म्हणून माणूस उठून उभा राहतो, तेव्हा आपल्याला कुठं ठेवलंय हे न कळायला डेस्मंड काही मूर्ख नव्हता. बागेतल्या त्या खोलीला, निगेलनं काढलेल्या चित्रात, मोठी काच होती. आतला माणूस घरातून नीट दिसावा म्हणून.

'खरा आहे का?' एका बाईचा आवाज आला.

'श्वास घेतोय,' पुरुषाचा आवाज म्हणाला.

डेस्मंडनं डोळे उघडले. ते मिटलेले होते हे त्याला ठाऊक नव्हतं. समोर एक भक्कम बाई पावसाळी कोट घालून उभी होती, आणि तिच्यामागे तिची पिशवी धरून तिचा नवरा. बोलीवरून बार्न्सलीकडची. तिनं डेस्मंडचा रविवारचा टाय, डोरीननं विणलेलं बिनबाह्यांचं जाकीट, टेबलावरचा चष्मा हे सगळं एका नजरेत जुळवलं, आणि तिचा चेहरा उजळला. अलीकडं अशा घरांत जुन्या काळची सोंगं घेऊन माणसं बसवतात, ते तिनं कुठंतरी पाहिलं असावं. दाराशी मिसेस पेनरोझनी तोंड उघडलं, आणि पाहुण्याला खोटं पाडणं बरं नव्हे म्हणून परत मिटलं.

'इथंच राहता का, भाऊ?' बाईनं विचारलं.

खरं सांगून टाकायचं तर त्या बाईचा विरस झाला असता. 'राहतो,' डेस्मंड म्हणाला. घर कुठलं, ते तिनं विचारलं नव्हतं.

'एकटेच?'

'बायको होती. गेल्या फेब्रुवारीत गेली.'

'बघ, कसं पाठ केलंय,' बाई नवऱ्याला म्हणाली. नवऱ्यानं कौतुकानं मान हलवली. मुलंबाळं आहेत का, असं तिनं विचारलं. एक लेक आहे, तो म्हणाला. तिच्याकडंच राहायला ये म्हणते. बागेत खोली बांधून देते म्हणते.

'मग जा की. अडलंय कुठं?'

वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता, आणि तो विचारायला बार्न्सलीहून कोट घालून यावं लागलं होतं. डेस्मंडनं लाल कागदाकडं पाहिलं. हिलरीनं विचारला असता तर त्यानं हवेबद्दल काहीतरी सांगितलं असतं. पण ही बाई त्याला विचारतच नव्हती. ती मिस हॅलिवेलच्या कुणा मेलेल्या काकाला विचारत होती, आणि मेलेल्या माणसाला खरं बोलायला काय हरकत?

'तिथं मला पुढच्या खोलीत ठेवतील,' तो म्हणाला. 'टॉवेलाची घडी आहे, साबण आहे. सगळे नीट बसतात मी आलो की. वाईट कुणीच वागत नाही. वाईट वागले असते तर मी केव्हाच गेलो असतो.'

बाई हसायच्या बेतात होती, ती थांबली. 'आमच्या आजीची होती तशी खोली,' ती म्हणाली. 'किल्ली कमरेला असायची. आजोबा गेले तेव्हा मी पहिल्यांदा आत गेले.' तिनं वाकून त्याच्याकडं नीट पाहिलं, पहिल्यापेक्षा अगदी जवळून. 'तुम्ही इथले नाहीच.'

'नाही,' डेस्मंडनं कबूल केलं. 'आमची मंडळी वर गेलीयत. त्यांची वाट बघतोय.'

'मंडळी खाली आलीय,' बाई म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातून पिशवी घेऊन बाजूला सरली.

दारात हिलरी उभी होती. तिच्या काखेतून मेबलचं डोकं पुढं आलं होतं, आणि मागं निगेल घराचा नकाशा उगाच वाचत होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. हिलरी एका शाळेच्या कचेरीत काम करायची, आणि दिवसभर पालकांशी गोड बोलून तिच्या चेहऱ्याला एक कायमचा गोडवा आलेला होता. तो आत्ता तिथं नव्हता. तिचे कान लाल झाले होते. डेस्मंडला वाटलं, आता ही विचारणार, बाबा, तुला जरा बरं वाटत नाहीये का?

'बाबा, ऊठ त्या खुर्चीवरून,' हिलरी म्हणाली. 'बसायची नाहीये ती. सगळ्या खुर्च्यांवर काटे ठेवलेत, दिसत नाही का तुला?'

मिसेस पेनरोझनी भिंतीला हात टेकला. डेस्मंड उठला. कंबर बसल्याजागी आखडली होती, आणि तो अर्धवट वाकलेला असतानाच हिलरी त्याला धरायला न येता वळून चालायला लागली, त्यामुळे त्याला एकट्यालाच सरळ व्हावं लागलं.

चहाची खोली जुन्या तबेल्यात होती. बाहेर रोपं विकायला मांडली होती, तिथं हिलरीनं रुबार्बच्या एका रोपाची कुंडी उचलली, कुणाला काही न विचारता, आणि आत येऊन ती टेबलाच्या मधोमध आपटली, तशी साखर हलली. निगेल चहाबरोबर खायला स्कोन आणायला गेला आणि रांग नसतानाही बराच वेळ आला नाही. मग हिलरी बोलायला लागली, दबक्या आवाजात, दात न उघडता, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं एकदम खाद्यपदार्थांच्या याद्या मन लावून वाचू लागली. ती म्हणाली की टॉवेलांची घडी करणं हा गुन्हा आहे हे तिला माहीत नव्हतं. वर्षभर ती झोपेतसुद्धा या माणसाला काय हवंय याचा विचार करते, आणि हा परक्या बाईला सांगतो की आम्ही चांगले वागतो! डेस्मंड म्हणाला की तसं नाही. हिलरी म्हणाली, तसंच आहे, आणि तिनं स्कोन यायच्या आधीच सुरी हातात घेतली.

'आणि तू रे? "तुला त्रास नसेल तर." चहा देऊ का विचारलं की "तुला त्रास नसेल तर." खिडकी लावू का, तर "तुला त्रास नसेल तर." आपल्या पोरीला? आई गेल्या दिवसापासून तू माझ्याशी असा बोलतोयस, जसा मी बँकेत आहे. मग मी काय करू? घड्या घालते.'

डेस्मंडनं तोंड उघडलं. आपण असं म्हणतो? मनात तो मागं मागं जात राहिला, फोन, शनिवार, दारातून निरोप, आणि प्रत्येक ठिकाणी ते वाक्य त्याच्या आधी येऊन बसलेलं होतं, टोपी मांडीवर ठेवून. त्या रात्री स्वयंपाकघराच्या दारात निगेल उठून उभा राहिला खरा. पण त्याच्या आधी डेस्मंडनं काय केलं होतं? आपल्याच लेकीच्या स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर त्यानं टकटक केली होती.

'साबण तर तूच आणलास,' तो म्हणाला. हे बोलणं फार पोरकट होतं, आणि त्याला फार बरं वाटलं.

'साबण निगेलच्या आईनं दिलाय,' हिलरी म्हणाली. 'मला तो डोळ्यासमोर नको होता म्हणून तुझ्या खोलीत ठेवला.'

मेबल हसली. तिला कुणी डोळे दाखवले नाहीत. निगेल स्कोन घेऊन आला, त्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं, आणि लोणी विसरलो म्हणून परत गेला.

'सोमवारी माणसं येतायत खणायला,' हिलरी म्हणाली. 'हो की नाही, सांग. हवा कशी आहे ते सांगू नकोस.'

डेस्मंडनं कपातला चहा ढवळला. 'बागेत नको,' तो म्हणाला. 'काचेत तर नकोच. आत घेणार असलीस तर येतो.'

'आत जागा कुठाय? मेबलच्या खोलीशेजारची ती अडगळ आहे फक्त. इस्त्रीचं टेबल आहे तिथं. निगेलची सायकल आहे. नाताळचं झाड आहे, ते घडी होत नाही.'

'राहू दे सायकल.'

'आणि मी रात्री घोरणं ऐकलं तर भिंत वाजवणार,' मेबल म्हणाली.

'वाजव,' डेस्मंड म्हणाला. हिलरी आता डोळे पुसायला लागेल अशी भीती त्याला एक क्षण वाटली, पण तिनं त्याच्या ताटलीतला अर्धा स्कोन उचलला आणि त्याचा घास घेतला, विचारलं नाही, तिचा स्वतःचा समोर तसाच होता. मिसेस पेनरोझ दुपारची सुट्टी घेऊन शेजारच्या टेबलावर येऊन बसल्या होत्या. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवरून हात फिरवून पाहिला.

बाहेर पडले तेव्हा खरोखरच गारठा पडला होता. निगेलनं गाडीचं कुलूप काढलं आणि सवयीनं पुढचं दार डेस्मंडसाठी धरलं. हिलरी म्हणाली, 'त्याला मागं बसव. मधे. नकाशा मला बघायचाय, तुम्ही दोघंही येताना चुकलात.' डेस्मंडनं कंबर, गुडघे आणि मान पाळीपाळीनं आत घेतली. एका बाजूला मेबल होती, दुसऱ्या बाजूला सगळ्यांचे कोट आणि चिखलाचे बूट भरलेली पेटी. दोन्ही पाय गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यावर आल्यामुळे गुडघे हनुवटीशी आले होते. हिलरीनं मागं वळून रुबार्बची कुंडी त्याच्या मांडीवर दिली, धर म्हणाली, आणि पट्टा लावला. पहिल्याच वळणावर कुंडी कलंडली, आणि मूठभर ओली माती त्याच्या रविवारच्या पँटवर सांडली. निगेलनं आरशातून पाहिलं. हिलरीनं मागं वळून पाहिलं, नीट धरता येत नाही का म्हणाली, आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. पँटमधून ओल हळूहळू मांडीपर्यंत पोचली. माफी कुणीच मागितली नाही.